गव्हर्नेस जेवते कुठे?

मला व्हिक्टोरियन कादंबऱ्या आवडतात. झालं, एवढं साधं उत्तर आहे, आणि ते आजवर एकाही शहाण्या माणसाला पटलेलं नाही. "का गं, तूच का?" असं तोंडावर कुणी विचारत नाही. विचारतात, "अरे वा! पण व्हिक्टोरियनच का?" आणि मग मान जराशी कलती करून माझ्याकडे बघत राहतात. चांगल्या घरची मुलगी भलत्याच कुणाशी लग्न करून आली की बायका बघतात ना, तसं.

आवडतात, कारण त्या जाड असतात. घाटकोपरला कॉलेजात होते तेव्हा लायब्ररीतून एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. बाकीच्या पोरी बारकी पुस्तकं न्यायच्या, दोन दिवसांत परत. मी कपाटाच्या तळाशी पडलेलं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं धोंड्यासारखं पुस्तक उचलायचे. महिनाभर पुरायचं. दुसरं कारण असं की त्या पुस्तकांतली माणसं कामाला असतात. नोकरी शोधतात, भाडं थकवतात, मुलीच्या लग्नाची काळजी करतात, शेजारी काय म्हणतील म्हणून पडदे ओढून घेतात. हल्लीच्या कादंबऱ्यांत माणूस खिडकीत उभा राहून विचार करतो आणि पुस्तक संपतं. आमच्या डोंगरावरच्या वस्तीत खिडकीत उभं राहायला वेळ कुणाला होता? पाणी यायची वेळ चुकली की दिवसाची वाट लागायची.

त्या काळात कादंबऱ्या मासिकांतून हप्त्याहप्त्याने यायच्या, हे मला नंतर एम.ए.ला कळलं. मी मात्र आधीपासून आईला हप्त्यांनीच सांगत होते. आई एका नर्सिंग होममध्ये आया होती. ड्यूटीवरून आली की पाय पसरून भाजी निवडायला बसायची आणि म्हणायची, "हं, काल कुठवर आलो होतो?" मी सांगायचे. अनाथ पोरगी, दुष्ट मामी, थंडगार बोर्डिंग, मग मोठ्या वाड्यात शिकवणीची नोकरी. आई मध्येच मेथीची काडी उगारून म्हणायची, "मालिकाच की गं ही!" शेवट ऐकला की मात्र भडकायची. "एवढी शिकलीसवरली बाई, आणि शेवटी लग्न करून मोकळी? मग शिकली कशाला?" मी म्हणायचे, त्या काळात दुसरं काय करणार होती ती? त्यावर आई म्हणायची, "त्या काळात म्हणजे? आत्ता काय वेगळं आहे?" आणि मेथी उचलून मोरीकडे जायची.

एम.ए.ला मॅडम भेटल्या. खरं सांगते, बाई शिकवायच्या झकास. मला आज त्यांचा कितीही राग येवो, हे मी नाकारणार नाही. सुती साडी, बारीक चष्मा, हातात एकच पुस्तक, तेही न उघडता. पहिल्याच तासाला म्हणाल्या, कुठलीही कादंबरी आभाळातून पडत नाही. दिवाणखान्यात चहा चालू असेल तर विचारा, साखर कुठल्या बेटावरून आली, ती कुणी पिकवली. बाईच्या अंगावर मलमल असेल तर विचारा, कापूस कुठला. शेगडी पेटलेली असेल तर राख सकाळी कोण काढणार? एखादा मोठा विचारवंत संस्कृतीवर पानंच्या पानं निबंध लिहीत असेल, तर त्याचं वाक्य वाचा, पण त्याच्या टेबलावरचा दिवा कुणी पुसला तेही विचारा. "कॉन्टेक्स्ट," त्या फळ्यावर बोट आपटून म्हणायच्या, "कॉन्टेक्स्ट नसेल तर तुम्ही फक्त गोष्ट वाचताय."

माझ्या अंगावर काटा यायचा. आमचं मूळ गाव जालन्याकडे, कापसाच्या मुलखात. मॅडमनी सांगितलं की व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत आपल्याकडचा कापूस गाठी बांधून तिकडच्या गिरण्यांना जायचा. मी वहीत लिहायची थांबले. म्हणजे त्या पुस्तकात आम्हीही होतो की! पानावर नव्हतो, पण होतो. त्या बायकांचे झगे सळसळायचे त्यात माझ्या पणजीने वेचलेली बोंडं असतील, कोण जाणे. वेड लागल्यासारखी वाचायला लागले मी. तिकडचे रेल्वेचे शेअर, कामगारांचे कायदे, गरिबांना डांबून ठेवायची कामघरं, बायकांच्या कमरा आवळणारे पट्टे, सगळं. मला वाटलं, ही खिडकी नाही, दार आहे. आत जाता येतं.

त्याच वर्षी मी घाटकोपर पूर्वेला शिकवणी धरली. स्टेशनच्या त्या बाजूला, लिफ्टची सोसायटी, दोन भावंडं. पहिल्या दिवशी बाईंनी हसून स्वागत केलं, फुलाफुलांच्या कपात चहा दिला, बशीसकट. गप्पा झाल्या. निघताना विचारलं, "टीचर, तुमचं पूर्ण नाव काय? कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करते." मुंबईत आडनाव असं विचारतात. मी सांगितलं. बाईंनी टाइप केलं, "ओके, थँक्यू हं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चहा स्टीलच्या पेल्यात आला. पेला ट्रेमधून आला नाही. पॅसेजमध्ये वॉशिंग मशीन होतं, त्यावर कपडे धुवायच्या पावडरीच्या डब्याशेजारी तो ठेवलेला असायचा. "टीचर, चहा ठेवलाय हं." पुढे त्या पेल्याची जागाच ती झाली.

घरातल्या आजी मायाळू होत्या. टीचर उपाशी जाऊ नये म्हणून त्यांचा आग्रह. मग अधूनमधून माझं ताटही तिथेच यायचं. मुलं डायनिंग टेबलवर, मोठी माणसं टेबलवर, मोलकरीण ओट्याखाली, आणि मी पॅसेजमध्ये उभी. मशीन चालू असलं की ताट थरथरायचं. कपडे पिळायला लागलं की वाटी सरकत सरकत कडेला यायची, आणि मी एका हाताने ताट धरून दुसऱ्या हाताने जेवायचे. शिक्षक दिनाला त्याच मुलांनी मला चमकी लावलेलं कार्ड दिलं. कुणीच वाईट नव्हतं हो त्या घरात. राग कुणावर धरायचा हेच कळत नाही अशा वेळी, आणि तो सगळा आपल्याच पोटात सडतो.

आणि वर्गात त्याच दिवसांत गव्हर्नेसच्या कादंबऱ्या सुरू झाल्या. गव्हर्नेस म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी बाई. शिकलेली असते, बोलणं-चालणं खानदानी असतं, फक्त पैसा नसतो. घरच्यांत धरावं तर ती पगारी, नोकरांत धरावं तर ती शिकलेली. पाहुणे आले की तिला दिवाणखान्यात बोलावतात आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत शिवण घेऊन बसवतात. नोकर तिच्यावर खार खाऊन असतात, कारण तिचं ताट त्यांना वर पोहोचवावं लागतं. मी ते ताटाचं वाचलं आणि पुस्तक मिटलं. अगं बाई, म्हटलं, वॉशिंग मशीन तेवढं नाहीये इथे!

पुढच्या तासाला मी उभी राहिले. "मॅडम, गव्हर्नेस जेवते कुठे?"

वर्ग हसला. एक जण म्हणाला, "तोंडाने." मी थांबले नाही. म्हटलं, प्रत्येक कादंबरीत फक्त एवढंच शोधायचं. ती कुठल्या खोलीत जेवते, कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर, ताट कोण आणतं, आणि पाहुणे आले की जेवायची जागा बदलते का. शिकलेल्या गरीब बाईचं त्या काळाने काय केलं ते तिच्या पगारावरून नाही कळणार, मॅडम, ताटावरून कळेल.

मॅडम हसल्या नाहीत. खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "परत सांग." मी परत सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं माझ्या एका वाक्यासाठी गप्प बसली होती, आणि मला ते चढलं. तिथे मी माती खाल्ली. मॅडमनी विचारलं, "हे तुला कसं सुचलं गं?" आणि मी सांगून टाकलं. आडनाव, पेला, पावडरीचा डबा, थरथरणारं ताट. मला वाटलं, संदर्भ मागितलाय तर संदर्भ द्यावा. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. तास संपल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "तुझ्यात फार काही आहे गं."

होतं ना. पण त्या दिवसापासून त्यांना माझ्यात वाचणारी मुलगी दिसेनाशी झाली आणि मी स्वतःच कॉन्टेक्स्ट झाले. धड्यात गटार आलं की मॅडमची नजर माझ्याकडे. कामघर आलं की माझ्याकडे. तिकडच्या शहरातली कॉलऱ्याची साथ आली, "तू सांग ना, तुला हे वाचताना काय वाटतं?" काय वाटणार? माझ्या बापाला कधी कॉलरा झाला नव्हता, तो बसमध्ये कंडक्टर होता. इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि घरी आला की वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचा. तिकडे कचऱ्याच्या ढिगांवर जगणाऱ्या माणसांची कादंबरी आली तेव्हा तर कहर झाला. "देवनारचं डंपिंग ग्राउंड तुमच्या जवळच ना?" मी म्हटलं, "नाही मॅडम, लांब आहे." त्या म्हणाल्या, "तरी पण." या तरी-पणला काय उत्तर द्यायचं? आणि दिवाणखाना आला, उपरोध आला, लेखकाने अर्धं पान एकच वाक्य का लांबवलंय असा प्रश्न आला, की मॅडम दुसऱ्यांना विचारायच्या. माझा हात वर असायचा. तो त्यांना दिसायचा नाही.

मुलुंडला त्यांच्या घरी बोलवायच्या मला. पुस्तकांची भिंत, मोगऱ्याची कुंडी, पातळ पांढऱ्या चिनी मातीचे कप. ते कप एरवी काचेच्या कपाटात असायचे, मी गेले की बाहेर निघायचे. "आमच्याकडे असलं काही नाही हं, तू बिनधास्त घे." घरात असलं काही नसेल तर ते सांगावं का लागतं? एकदा त्यांच्या मैत्रिणी बसल्या होत्या. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही माझी विद्यार्थिनी. घाटकोपरच्या वस्तीतली. पण इंग्लिश ऐका तिचं!" मैत्रिणींनी कौतुकाने ऐकायला माना पुढे केल्या. मी इंग्लिशमध्ये "हाऊ डू यू डू" म्हटलं आणि चहा संपवला. कोपऱ्यातल्या खुर्चीत शिवण घेऊन बसायचं तेवढं बाकी होतं.

तरी मी जात राहिले, कारण मला एकच गोष्ट हवी होती. पीएच.डी. मला त्या प्रश्नावर करायची होती. मॅडम गाइड होत्या, त्यांच्याकडे एक जागा रिकामी होती, आणि मी एंट्रन्स पास झाले होते. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहिलं. गव्हर्नेस जेवते कुठे, इथपासून सुरू. घरं, स्वयंपाकघरं, जिने, ताटं, त्या काळची घरकामाची पुस्तकं, नोकरीच्या जाहिराती, कादंबऱ्या. मॅडमनी वाचलं, स्वल्पविराम दुरुस्त केले, "सुंदर," म्हणाल्या. मी घरी येऊन आईला मिठी मारली. आई म्हणाली, "भाजी करपेल, सोड."

मुलाखतीला तिघं होते. मॅडम कडेला. मधले सर चष्म्यावरून बघून म्हणाले, विषय चांगला आहे, पण व्हिक्टोरियनवर फार काम झालंय. तुमच्या समाजातल्या बायकांची आत्मकथनं का घेत नाही? तुम्हाला तिथे थेट प्रवेश आहे. मी म्हटलं, सर, ती मी वाचलीत. दुसरे सर म्हणाले, तिकडच्या ग्रंथालयांत जावं लागेल, झेपेल का? मी म्हटलं, बरंच काही आता ऑनलाइन आहे, सर, आणि जे नाही त्यासाठी फेलोशिप असते. मी चांगली बोलले त्या दिवशी. अजून आठवतं, एकही शब्द अडखळला नाही. मग मधल्या सरांनी मॅडमकडे बघितलं. मी पण बघितलं. मॅडम साडीच्या काठावरून बोट फिरवत होत्या.

"मीही तिला हेच सांगत होते," मॅडम म्हणाल्या. "तिचा आवाज तिथे जास्त ऑथेंटिक वाटेल."

कधी सांगत होत्या? कधीच नाही. स्वल्पविराम दुरुस्त करताना नाही, चिनी मातीच्या कपातून चहा पाजताना नाही.

नंतर जिन्यात त्यांनी मला गाठलं. "नाराज होऊ नकोस गं. सीट तुझीच आहे. फक्त विषय बदल, दोन ओळींचा अर्ज दे, झालं."

"आणि गव्हर्नेस?"

"ती कुठे पळून जातेय?" मॅडम हसून म्हणाल्या.

आता हे नीट समजून घ्या, नाहीतर उगाच बोंब व्हायची. ती आत्मकथनं मी वाचलीत, रडलेय, दोन तर मला जवळजवळ पाठ आहेत. पण ते माझ्या घरचं आहे. घरचं वाचायला मला कुणाची समिती लागत नाही. आमच्या बॅचमधली एक मुलगी तिकडच्या समुद्रकवितेवर पीएच.डी. करत होती, एक मुलगा भुताच्या गोष्टींवर. त्या मुलाला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तू आपल्या आजोबांच्या मुंजीवर का करत नाहीस, तिथे तुला थेट प्रवेश आहे! त्यांना अख्खं जग वाचायची मुभा, आणि मी मात्र जन्मभर आरशासमोर बसायचं. दुसऱ्याच्या घरात डोकावून बघायचा हक्क फक्त त्यांनाच आहे काय?

वडील तेव्हा होते. ते म्हणाले, "घे बेटा, डिग्री ती डिग्री. नावापुढे डॉक्टर लागेल." भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे बघत म्हणाले, म्हणून मला उलट बोलता आलं नाही. आई म्हणाली, "विषय म्हणजे काय भाजी आहे का? ही नाही तर ती?" मी अर्ज दिला नाही. जागा गेली. पुढच्या वर्षी दुसरीकडे प्रयत्न केला, तिथेही मान कलती झालीच. त्यानंतर वडील आजारी पडले आणि मग राहूनच गेलं सगळं.

आता मी मुलुंडला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर हरी हरी. संध्याकाळी घाटकोपरला क्लासमध्ये. व्हिक्टोरियन काळाचा अख्खा पेपर आता आक्रसून एक युनिट झालाय. औद्योगिक क्रांती, साम्राज्य, श्रद्धा आणि शंका, स्त्रियांचा प्रश्न, प्रत्येकी पाच मार्क. मी ताटाबद्दल सांगायला लागले की पोरं विचारतात, "मिस, हे इम्पॉर्टंट आहे का?" मी म्हणते, "नाही रे, पुढे लिहा." आमची डोंगरावरची घरं पाडून खाली झोपडपट्टी पुनर्वसनाची, एसआरएची बिल्डिंग झाली, तिच्यात मी आणि आई राहतो. एक खोली, एक ओटा, पाणी मात्र नळाला येतं.

परवाच्या पावसाळ्यानंतर एका मुलीचा फोन आला. बोरिवलीची. आवाज गोड. "मॅम, मी पीएच.डी. करतेय, मॅडमनी तुमचा नंबर दिला. त्या रिटायर व्हायच्या आधीची शेवटची स्टुडंट मी. तुम्हाला भेटायचं होतं, संशोधनासाठी." मी विचारलं, विषय काय? ती म्हणाली, "व्हिक्टोरियन फिक्शनमधली गव्हर्नेस." तरी म्हटलं, ये. मनात आलं, मॅडमना इतक्या वर्षांनी आठवण झाली असेल. वाटलं, पोरीला मदत लागत असेल, माझं वाचन आहे, माझ्याकडे टिपणं आहेत. येडी मी. आईला सांगितलं, "माझ्याकडे एक स्कॉलर येतेय." आईने चादर बदलली.

शनिवारी दुपारी आली. मेट्रोने घाटकोपर, तिथून रिक्षा. घामाघूम, हसरी, खांद्याला कापडी पिशवी. "सॉरी मॅम, उशीर झाला. लायब्ररीतून थेट आले, सकाळपासून पोटात काहीच नाही." आईने आतून ऐकलं आणि कुकर लावला. मी पाणी दिलं. "आहे माझ्याकडे," म्हणत तिने पिशवीतून आपली बाटली काढली. मग फोन काढला आणि आमच्या दोघींमध्ये पलंगावर ठेवला. "रेकॉर्ड केलं तर चालेल ना?"

मी म्हटलं, "आधी तुझी प्रकरणं सांग. काय काय वाचलंस?"

"ते सगळं झालंय मॅम," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या शेवटच्या चॅप्टरमध्ये आहात."

शेवटचं प्रकरण आजच्या काळावर होतं. मुंबईच्या उपनगरांत घरोघरी शिकवण्या घेणाऱ्या बायका. त्यांच्या मुलाखती. मी त्यांतली एक. मी काय वाचलंय, काय लिहिलंय, यातलं तिला काही नको होतं. म्हणाली, "मॅम, ती वॉशिंग मशीनची गोष्ट तुमच्या शब्दांत सांगाल का? म्हणजे मला माहीत आहे ती, मॅडम दर वर्षी वर्गात सांगायच्या. सगळे रडायचे."

दर वर्षी! मी मुलुंडला पाच मार्कांच्या टिपा लिहून देत होते, आणि तिकडे दर वर्षी माझं ताट थरथरत होतं आणि लोक रडत होते.

"आणि खरं तर," ती उत्साहाने पुढे सरकली, "मॅडम म्हणतात, सगळा थीसिस एकाच प्रश्नावर उभा आहे. गव्हर्नेस जेवते कुठे?"

"हा प्रश्न कुणाचा आहे?" मी विचारलं.

"मॅडमचा."

"माझा आहे."

तिला कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे माझा. मी विचारलेला. माझं सिनॉप्सिस होतं त्यावर. तुझ्या मॅडमनी त्यातले स्वल्पविराम दुरुस्त केले होते." माझा आवाज चढला होता, चढू दे. "मला म्हणाल्या होत्या, ती कुठे पळून जातेय. बरोबर आहे, पळून नाही गेली. बोरिवलीला गेली."

पोरगी पांढरी पडली. तिचा काय दोष? तिला खरंच माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्यानेच मला जास्त संताप आला. "सॉरी मॅम. मला कुणी सांगितलं नाही."

"मग आता कळलं ना? नाव घाल माझं. पहिल्या पानावर लिही, प्रश्न हिचा."

ती बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "नाव नाही घालता येणार, मॅम. एथिक्सचा नियम आहे. मुलाखत दिलेल्यांची ओळख लपवावी लागते. तुमच्या प्रोटेक्शनसाठीच. मी नुसतं रिस्पॉन्डंट लिहीन."

माझं संरक्षण! कुणापासून गं, बाई?

तेवढ्यात आई ओट्याकडून आली. तिने खाली सतरंजी घातली, तीन ताटं मांडली. वरणभात, वांग्याची भाजी, भाकरी, कडेला ठेचा. "तुमचं इंग्लिश नंतर. पोर सकाळची उपाशी आहे. ये गं बाळ, बस."

ती उठली नाही. ताटाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "नको काकू. मी जेवून आलेय."

"अगं, आत्ताच तर म्हणालीस, पोटात काही नाही."

"नाही, म्हणजे, खाल्लं होतं थोडं. खरंच नको."

"दोन घास तरी."

"नको ना, काकू."

लाजली असेल. बाहेरचं सोसत नसेल. माझ्या ओरडण्याने भूक मेली असेल. असेलही. मी इतकी वर्षं ह्या "असेल"वरच जगत आलेय. पेला तिथे ठेवायची त्यांची सवय असेल, मॅडमना माझं भलंच करायचं असेल. दर वेळी समोरच्याच्या मनात शिरून त्याच्या वतीने कारण शोधायचं काम माझंच. कंटाळा आला मला त्या कामाचा.

फोन अजून चालूच होता. मी वाकून त्याच्याशी बोलले, सावकाश, वर्गात टिपण सांगतात तसं. "गव्हर्नेस जेवते कुठे, ते मी सांगणार नाही. तो माझा विषय आहे. पण तिच्यावर पीएच.डी. करणारी बाई कुठे जेवत नाही, ते आत्ता इथे रेकॉर्ड झालंय. घाटकोपर, दुपारची वेळ, तीन ताटं वाढलेली. हे शेवटच्या चॅप्टरमध्ये घाल."

तिने फोन उचलला. डोळे भरले होते तिचे, तिने पिशवी घेतली. दारात चप्पल घालता घालता मात्र थांबली. नियमाची पोर, विचारून घ्यायची सवय.

"मॅम, हा शेवटचा भाग मी कट केला तर चालेल ना? टॉपिकशी रिलेटेड नाहीये."

मी दार लावलं. आई भात वाढत होती. तिने विचारलं, "काय म्हणाली गं जाताना?"

"म्हणाली, विषयाशी संबंध नाही."

"कशाचा?"

मी त्या तिसऱ्या ताटाकडे बोट दाखवलं. आईने ते उचललं, त्यातला भात माझ्या ताटात ओतला आणि म्हणाली, "जेव."